वरच्या चामड्याची शिलाई

दोऱ्याला लावायची राळ आणि मेण एका वाटीत वितळू लागले की प्रथम गोडसर वास येतो, मग जळका, आणि त्यानंतर जो येतो त्याला साजेसे विशेषण मला आयुष्यभर सापडले नाही. तो नाकात थांबत नाही. घशात उतरतो आणि जिभेच्या मुळाशी किंचित कडवटपणा ठेवून जातो. हॉलंडच्या ब्राबांत प्रांतातल्या आमच्या स्वयंपाकघरात हा वास रोज संध्याकाळी असे, आणि त्याच्या आजूबाजूला इतर वास येऊन बसत: ओल्या चामड्याचा आंबूस दर्प, आईच्या वेणीतले खोबरेल, शेजारून येणारी चिकोरी घातलेली कॉफी, तव्यावर कडेने करपलेली भाकरी. ज्वारी तिथे मिळत नसे. तिथले जुने शेतकरी ज्याची धिरडी करत, त्या काळसर दाण्याचे पीठ आईने कुठून तरी हुडकून आणले होते. त्याची भाकरी तव्यावर टाकताना हमखास मोडे, आणि आई त्या भाकरीलाच रागावे, “आगं, नीट हो की जरा! परदेशात आलीस म्हनून काय झालं?” मग मोडकी भाकरी, लसणीची चटणी आणि कच्चा कांदा. खिडकीबाहेर बुटांच्या कारखान्याची विटांची लांबच लांब भिंत, आणि तिच्यावरून उतरत येणारे ते फिकट आभाळ.

वडील आम्हाला तिथे घेऊन गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. युरोपातल्या लांब केसांच्या तरुण मंडळींना त्या काळी कोल्हापुरी चपलांचे वेड लागले होते. ब्राबांतमधल्या एका व्यापाऱ्याला अशा चपलांचे ढीग उतरवून घेताना एका नजरेत कच्ची शिलाई ओळखणारा माणूस हवा होता. माझे वडील चामडे हुंगून ते कधी आणि कशात कमावले ते सांगत, आणि त्यांना कामापुरते इंग्रजी येई. तिसऱ्या हिवाळ्यात, एका सकाळी, सायकल भिंतीला टेकवता टेकवता ते खाली बसले आणि उठले नाहीत. त्यानंतर महिन्याभराने, तोवर कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटी न गेलेली माझी आई डोक्यावर पदर घेऊन त्या विटांच्या भिंतीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मी दुभाषी म्हणून बरोबर होते. माझे दप्तर अजून पाठीवरच होते.

कोल्हापुरात आमची गल्ली ज्या नावाने ओळखली जाते ते नाव मी या पुस्तकाच्या मागल्या पानांत लिहिण्याचे टाळले आहे. आता टाळत नाही. आम्ही चर्मकार. आमच्यात पुरुष कापतात, ठोकतात, तळ जोडतात. बायका वादीच्या वेण्या विणतात आणि शिवतात. तयार चपलेवर शिक्का मात्र पुरुषाच्या नावाचा उमटतो. माझ्या आईला शिवायला कुणी शिकवले नव्हते. तिच्या आईच्या मांडीवर ती दूध पीत असताना डोक्यावरून आरी चाललेली असे.

कारखान्याच्या शिवणखात्यात पन्नासेक बायका होत्या. बुटाचे वरचे चामडे, म्हणजे पाऊल झाकणारा भाग, शिवण्याचे काम त्या गावात पूर्वापार बायकांचे. बहुतेक जणी यंत्रांवर बसत, पण मऊ, बिनफितीच्या मोकॅसिन बुटांच्या पुढच्या चुण्या हातानेच घालाव्या लागत, आणि ती कला येणाऱ्या बायका संपत चालल्या होत्या. खात्याची मुकादम नेल म्हणून होती: साठीची, उंच, गालांवर लाल शिरांचे जाळे, आणि आवाज असा की यंत्रांच्या खडखडाटातही शेवटच्या रांगेपर्यंत पोचे. तिने आईच्या हाती एक तुकडा, सुई आणि दोरा दिला आणि खुर्ची पुढे केली. आईने खुर्ची बाजूला सारली, पायातल्या वहाणा काढल्या, जमिनीवर मांडी घातली, तुकडा दोन्ही पावलांच्या मध्ये धरला आणि शिवू लागली. एकेक करून यंत्रे थांबत गेली. सारे खाते पाहत होते.

“हिला सांग, फरशी थंड आहे,” नेल मला म्हणाली. “लेकरं झालेल्या बाईनं असं बसू नये, नंतर भोगावं लागतं.”

मी आईला सांगितले. आई मान वर न करता म्हणाली, “तिला म्हनावं, माझं बूड लई जाड हाय.”

मी तसे सांगितले नाही. कान लाल करून, “आईला सवय आहे,” एवढेच म्हणाले. पण आईने हात मागे नेऊन स्वतःच्या बुडावर अशी सणसणीत थाप मारली की भाषांतराची गरज उरली नाही. ते हसणे मला अजून ऐकू येते: छताच्या काचांना जाऊन भिडलेले. नेल हसता हसता गुडघे वाजवत खाली बसली, आईच्या शेजारी, फरशीवर, आणि तिने तो तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरला. मग तिने टाक्यांवरून नख फिरवले आणि रांगांकडे पाहून म्हणाली, “मुलींनो, या. शिलाई कशी असते बघून जा.”

आई तिला नेलाक्का म्हणू लागली. नेल आईला शांता म्हणे, त्यातला ‘ता’ लांबवून. सुरुवातीला त्या दोघींमध्ये मी पूल होते. वर्षभरात मला कळून चुकले की या पुलावरून आता कुणी जात नाही. त्या खाली पाण्यातून थेट चालत जात होत्या, अर्धे मराठी, अर्धे ब्राबांती, उरलेले हातांनी. शनिवारी दुपारी नेल आमच्याकडे येई, सॉसेज भरलेले गरम पाव घेऊन. आई तिला तिखट कमी घातलेला झुणका वाढी. तो कमी तिखट झुणका खातानाही नेलचे नाक वाही आणि ती दर वेळी म्हणे, “तुम्ही लोक हे खाऊन रडता, म्हणून तुम्हाला चर्चची गरज नाही.”

त्या दुपारी ती तिच्या आजीबद्दल सांगे. आजीचे नाव योहाना. गावात बुटांचा पहिला कारखाना निघाला तेव्हा, मागल्याच्या मागल्या शतकात, शिवायला बसलेल्या पहिल्या मुलींपैकी ती एक. खिडक्यांच्या खालच्या अर्ध्या काचा चुन्याने रंगवलेल्या असत, मुलींनी रस्त्याकडे बघू नये म्हणून. उजेड डोक्यावरून येई, मांडीवर पोचेपर्यंत दमलेला. मुलींनी आपसात बोलू नये म्हणून जपमाळ मोठ्याने म्हणायची पद्धत पाडली होती: एकीने सुरुवात करायची, बाकीच्यांनी ओढायची, सकाळपासून दुपारपर्यंत. पण मुलींनी त्या प्रार्थनेलाच कामाला जुंपले. दहा वेळा माता मारियेचे नाव घेतले की बुटाची एक बाजू शिवून होई, एक माळ संपली की एक जोडी. म्हाताऱ्या पादरीबुवांना वाटे केवढी भक्ती, आणि मुलींना ठाऊक असे की आज किती माळांनंतर घरी जायचे. दोऱ्याच्या टोकाला सुई नसे. डुकराच्या मानेचा राठ केस राळेने चिकटवलेला असे. लग्न झाले की कारखाना सुटे, काम सुटत नसे; कापलेल्या चामड्याचे गठ्ठे घरी येत, आणि बाई चुलीपाशी, पाळण्यापाशी, आजाऱ्यापाशी बसून शिवी. कापणाऱ्यांच्या नावाची संघटना झाली, झेंडा झाला. शिवणाऱ्या बायकांचे नाव कुठे लिहिलेले नाही.

“आमच्यात बी तसंच,” आई म्हणे. आणि मग एकदा, नेलने तिच्या आजीची माळ कशी म्हणत ते गुणगुणून दाखवल्यावर, आईने वेण्या विणताना तिची आई म्हणायची ती ओवी म्हटली. तिचा आवाज गोड नव्हता. जाड, किंचित घोगरा, चामड्यातून दोरा ओढताना येतो तसा. नेल डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिने विचारले, “यात एक जोडी होते?” आईने बोटांवर मोजून सांगितले, “अर्धी.”

नेलने एकदा सांगितलेली गोष्ट मी कधी विसरले नाही. योहाना गेली तेव्हा तिच्या हातात जपमाळ ठेवायची होती, पण तिचा उजवा अंगठा इतकी वर्षे दोरा ओढून आत वळला होता, तो मेल्यावरही सरळ होईना. माळ निसटून निसटून पडे. शेवटी बायकांनी ती तिच्या मनगटाला गुंडाळली. हे ऐकून आईने स्वतःचा अंगठा पाहिला, मग माझा हात ओढून माझा अंगठा पाहिला. तो सरळ होता. तिने तो दाबला आणि म्हणाली, “ह्यो असाच ऱ्हाऊ दे. तू लिही.”

त्या शिवणखात्यात एक चोरटा रिवाज होता. अस्तर बंद करण्यापूर्वी चामड्याच्या आतल्या बाजूला, जिथे कधीच कुणाची नजर पडणार नाही, बायका शिसपेन्सिलीने आपल्या नावाचे अक्षर काढत. नेलच्या आजीपासून चालत आलेला. मालकाला कळले असते तर तो रागावला असता, म्हणून कुणी बोलत नसे. आईने पहिल्या वर्षी नुसतीच एक रेघ मारली, मग एक दिवस मला म्हणाली, “त्यांच्यातलं अक्षर नगं. आपलं काढतो.” कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशी ती स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ असेच बोले. चौथीपर्यंत शिकलेली माझी आई त्या दिवसापासून प्रत्येक बुटात ‘शां’ असे लिहू लागली. हॉलंडात कुठे कुठे कोण ते अक्षर पावलावर घेऊन चालले असेल, देव जाणे.

सात वर्षे गेली. त्या सात वर्षांत आईचे काय झाले ते मला तेव्हा दिसले नाही; आज, तिच्या त्या वयाहून कितीतरी मोठी झाल्यावर, दिसते. तिचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला. ती सायकल शिकली, इरकलीचा काठ चाकात जाऊ नये म्हणून त्याला कपडे वाळत घालायचे चिमटे लावून. पाववाला तिला नावाने हाक मारी. चर्चच्या जत्रेत शिवणखात्याची म्हणून वेगळी मिरवणूक निघे, तिच्यात ती नेलच्या बाजूने चाले, छातीवर कापडी फूल लावून. डॉक्टरांनी, शेजाऱ्यांनी, टपालवालीने ‘आपण काय करता?’ असे विचारले की ती “मी शिवते” असे डचमध्ये सांगे, आणि समोरचे माणूस तिच्या हातांकडे आदराने पाही, कारण त्या गावात प्रत्येकाची आजी तेच करत आलेली होती. जोड्याला हात लावणे ही साधी, स्वच्छ, अभिमानाची गोष्ट असते, असे तिला तिथे सात वर्षे रोज सांगितले गेले, न बोलता. आणि हळूहळू तीच गोष्ट आपल्या देशात कशी असते ते ती विसरली. विसरणे हे किती मोठे सुख होते!

मी मात्र विसरले नव्हते. मी पुस्तके वाचत होते, आणि पुस्तकांतली मराठी माणसे वेगळ्या घरांत राहत होती. लायडनच्या विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा तिथे एका मराठी विद्यार्थ्याने मला हेगजवळच्या मराठी मंडळींकडे नेले. तेव्हा ती कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी. पुण्या-मुंबईहून आलेले इंजिनिअर, एखादे डॉक्टर. झूटरमेर हे गाव तेव्हा नवे नवे उभे राहत होते. शेतांच्या कडेला एकसारख्या घरांच्या रांगा, ओल्या सिमेंटचा वास, आणि अजून सावली न पडणारी कोवळी झाडे. तिथे सुधाकाकूंचे घर होते. काकूंकडे मराठी पुस्तकांचे एक अख्खे कपाट होते. मी त्या कपाटापुढे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला रडू आले, आणि काकूंनी मला रडू दिले. मग मऊ साखरभात वाढला, आणि विचारले, “आई काय करते गं तुझी?”

आमच्या आडनावावरून काही कळत नसे. माझी मराठी तोवर पुस्तकांसारखी झाली होती. मी म्हणाले, “वडील गेले. आई तिकडेच असते, कोल्हापूरला.”

“अगंबाई! म्हणजे इथे तुझं कुणीच नाही?” काकूंनी मला जवळ घेतले. त्यांच्या पदराला इस्त्रीचा आणि वेलचीचा वास होता. “आता हे घर तुझंच समज, रोहिणी.”

त्यांची माया खरी होती, हे मला इथे लिहिलेच पाहिजे. त्यांनी माझ्या कविता हाताने उतरवून घेतल्या, चुका दाखवल्या, दिवाळीच्या हस्तलिखितात पहिल्या पानावर घेतल्या. ती माया माझ्या हातून जाईल, ही एकच भीती मला त्या वर्षी होती. बाकी कशाचीच नव्हती.

त्या दिवाळीत, एका रविवारी दुपारी, काकूंच्या घरी फराळ आणि माझे काव्यवाचन ठरले. निमंत्रणे काकूंनी स्वतः शाईने लिहिली होती. माझ्या नावाचे निमंत्रण मी सुट्टीत घरी गेले तेव्हा ब्राबांतच्या स्वयंपाकघरात, फळीवरच्या डब्याखाली विसरले. आईला मी फोनवर एवढेच सांगितले होते की विद्यार्थ्यांचा कसलासा कार्यक्रम आहे, बाहेरच्यांना येता येत नाही. ती म्हणाली होती, “बरं, बरं. चांगलं वाच.” पण ते निमंत्रण मराठीत होते, आणि माझ्या आईला मराठी वाचता येत होते. त्यावर ‘सहकुटुंब यावे’ असे लिहिले होते.

कार्यक्रमाला तीसेक माणसे होती. दिवाणखान्यात चिवड्याचा खमंगपणा आणि अत्तर. हॉलंडातल्या घराला पुढचे दार असते, मग एक अरुंद बोळ, मग काचेचे दार. त्या बोळात सगळ्यांनी काढलेल्या चपला-बुटांचा ढीग पडला होता. एकमेकांवर चढलेले, उलटेपालटे, नोव्हेंबरच्या चिखलाने भरलेले. मी आत उभी राहून आईवरची कविता वाचली. तीच सगळ्यांना हवी होती. त्या कवितेतल्या आईच्या हातांना कापराचा आणि तुळशीचा वास होता. ती पहाटे निरांजनाच्या उजेडात पोथी वाची. तिची बोटे मोगऱ्याच्या कळ्यांसारखी होती. मी ती आई शब्दाशब्दाने घडवली होती, आणि मला ती आवडत होती. वाचून झाल्यावर काकूंनी डोळ्यांना पदर लावला. कुणी तरी म्हणाले, “वा! घर डोळ्यांपुढे उभं केलंस.”

काचेचे दार उघडून आधी मुले धावत बाहेर गेली, आणि एका लहान मुलीचा आनंदी आवाज आला, डचमध्ये, “मम्मी, माझं सँडल बरं झालं!”

आम्ही सगळे बोळाच्या तोंडाशी आलो. ढीग नव्हता. भिंतीकडेने तीस माणसांचे जोडे जोडीजोडीने लावले होते, चिखल पुसून, तोंडे दाराकडे करून. आणि रांगेच्या शेवटी फरशीवर, कारखान्याच्या तपकिरी कोटातून हिरव्या इरकलीचा काठ डोकावत असलेली माझी आई मांडी घालून बसली होती. तिने कुणाचा तरी उसवलेला बूट पावलांमध्ये धरला होता आणि दाताने मेणदोरा तोडत होती. शेजारी पितळी डबा होता. पुढच्या दाराला कुणी कडी लावली नव्हती. ती कविता सुरू असताना आली असणार, आणि आत येऊन खोळंबा नको म्हणून बाहेरच बसली असणार. काचेच्या दारातून सगळे ऐकू येत होते.

ती वर पाहून हसली. त्या हसण्यात संकोचाचा लवलेश नव्हता. शिवणखात्यात कुणाचे काही फाटलेले दिसले की हातातले काम संपवून ते शिवून द्यायचे, हा तिथला शिष्टाचार. तिला वाटले, लोकांच्या घरी आलो, रिकामे काय बसायचे.

“अहो, अहो! चपलांना हात नका हो लावू तुम्ही!” काकू पुढे झाल्या. “राहू दे ते. आत तरी या.”

ती लहान मुलगी आईच्या खांद्यावर हात ठेवून तिला डचमध्ये काहीतरी विचारत होती, आणि आई आपल्या ठसकेबाज ब्राबांतीत तिला सांगत होती की ओले सँडल शेगडीजवळ वाळवायचे नाहीत, कातडं रागावतं. एक गृहस्थ हसले, “बाई, तुमचं डच आमच्यापेक्षा झकास आहे हो!” हसण्याची लहर पसरली, आणि त्या लहरीखाली मला दुसरे काही ऐकू येऊ लागले: माणसे आईच्या बसण्याकडे पाहत होती. पावलांमध्ये धरलेल्या बुटाकडे, अंगठ्याकडे. हे हात कुठले, हे तिथल्या प्रत्येकाला न सांगता कळत होते, जसे आपल्या लोकांना कळते. एका बाईंनी आपले बूट पायात घालण्याआधी क्षणभर थांबून पाहिले. कदाचित त्या नुसते कौतुक करत असतील.

काकूंनी चहा मागवला. आम्हा सगळ्यांना तो चिनीमातीच्या कपांतून दिला होता. आईसाठी आला तो मुलांच्या सरबताच्या प्लास्टिकच्या पेल्यातून. कप संपले होते, की दुसरे काही होते, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. मी चाळीस वर्षे त्या पेल्याचा विचार केला आहे, कारण त्याचा विचार करताना स्वतःचा विचार करावा लागत नाही.

मग काकूंनी माझ्याकडे वळून विचारले, “रोहिणी, ह्या तुझ्या ओळखीच्या आहेत का गं?”

आई माझ्याकडे पाहत होती. तिच्या हातात पेला होता, त्यातून वाफ येत होती, आणि वाफेमागे तिचे डोळे वाट पाहत होते, मजेत, पोरीला जरासे चिडवावे तसे: सांग की आता.

मी म्हणाले, “आमच्या गावाकडच्या बाई आहेत. इथे बुटांच्या कारखान्यात काम करतात.”

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी शब्दांची निवड करायला शिकलेली मुलगी होते, आणि मी ते फार नीट निवडले.

माझी आता झूटरमेरलाच वस्ती आहे, त्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर. कोवळ्या झाडांचे आता वृक्ष झाले आहेत. आमच्या रांगेत पुण्याहून आलेली तरुण जोडपी राहतात. त्यांची मुले मला डचमध्ये ‘ओमा’, म्हणजे आजी, म्हणतात, आणि दिवाळीला माझ्या दारात त्यांच्या बुटांचा ढीग पडतो. मी तो ढीग लावत नाही. मला ते करण्याचा हक्क नाही असे वाटते. ब्राबांतमधल्या त्या कारखान्याच्या इमारतीत आता फ्लॅट झाले आहेत, आणि गावाच्या संग्रहालयात योहानाच्या काळातल्या शिवणाऱ्या मुलींचे एक छायाचित्र लावले आहे. चेहरे स्पष्ट आहेत. छायाचित्र निघेपर्यंत त्यांना स्थिर बसवले असणार. हात मात्र पुसट आले आहेत. खाली कुणाचेही नाव नाही. मी वर्षातून एकदा जाते आणि त्या पुसट हातांपुढे उभी राहते. आई त्या रविवारनंतर अठरा वर्षे जगली. मला सायकलवरून डबे आणून दिले, माझ्या मुलीला न्हाऊ घातले, माझी पुस्तके उशाशी ठेवली. त्या रविवारबद्दल ती कधी बोलली नाही, आणि मी विचारले नाही. तिच्या शेवटच्या आजारात एकदा मी सुरुवात केली, “आई, त्या दिवशी…” तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि पाणी मागितले. नेल तोवर गेली होती. विचारावे असे दुसरे कुणी उरले नव्हते.

म्हणून त्या बोळातले जे मला दिसले तेवढेच लिहिते. माझे वाक्य ऐकून आईच्या चेहऱ्यावरचे हसू गेले नाही. ते फक्त तिथल्या तिथे राहिले, जसे एखाद्या खोलीतून माणूस निघून जातो आणि दिवा राहतो. मग तिने, इतक्या वर्षांनी, खांद्यावरचा पदर डोक्यावर घेतला. बस्स, एवढेच. सात वर्षे एका क्षणात उलटी चालून गेली. ती उभी राहिली, आणि उभी राहताना तिची पाठ थोडी वाकलेली होती, जशी कोल्हापुरात मोठ्या घरांच्या मागल्या दारी वाकत असे. मी तिला पुन्हा तिथे नेऊन उभे केले होते.

“तुम्ही ओळखता वाटतं आमच्या रोहिणीला?” काकू तिला प्रेमाने म्हणाल्या. “काय सुरेख लिहिते हो! आईवरची कविता ऐकलीत ना?”

“ऐकली की,” आई म्हणाली. “लई मोठ्या घरची आई हाय.”

“आणि हा डबा?”

“लाडू हायती. कार्यक्रमाला म्हनून आनलं.” ती थांबली. काकू डबा घेण्यासाठी हात पुढे करत होत्या, पण आईने तो त्यांच्या हातात दिला नाही. खाली, फरशीवर ठेवला, आणि त्यांनी उचलावा म्हणून एक पाऊल मागे सरली. मग पेल्यातला चहा उभ्यानेच संपवला, पेला बाहेर बागेच्या नळाखाली विसळून दाराशी उपडा घातला. कुणी तिला तसे करायला सांगितले नव्हते.

मला वाटले, आता मी म्हणेन. जिभेवर शब्द होता, एकच, जगातला सगळ्यात सोपा, पोरांना सर्वांत आधी येणारा. बोळ तीन पावलांचा होता. मी एक पाऊल टाकले. माझ्या पायात काही नव्हते, आणि फरशी थंडगार होती. आईने ते पाहिले. रांगेतून माझे बूट तिने बरोबर ओळखून काढले, ते तिनेच शिवलेले होते. खाली बसली आणि माझ्या पावलांपुढे नीट जुळवून ठेवले. मी उजवा पाय पुढे केला, कारण दुसरे काय करावे ते मला सुचत नव्हते. तिने बुटाची जीभ सारखी केली, जशी मी शाळेला निघताना ती करी. मग माझ्याकडे, पण माझ्या डोळ्यांच्या जरा खाली पाहत, मला सांभाळून घेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, माझी आई मला म्हणाली,

“ताई.”